आधी निर्जीवाला संधी दे

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

विषाणू सजीव की निर्जीव, कुठली बाजू घ्यावी म्हणून हैराण आहेस. प्रजननाची अट लावली की खेचर बाहेर पडतं, चयापचयाची लावली की ज्योत आत शिरते. नासाची १९९४ची व्याख्या घेतली (डार्विनी उत्क्रांती साधू शकणारी, स्वतःला टिकवून धरणारी रासायनिक व्यवस्था), तर एकटा ससा दारात अडकतो. बाजू घेऊच नकोस. एवढंच विचार: हेच काम निर्जीव रसायनाला जमेल का? आधी निर्जीवाला संधी दे.

मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांचा १९७६चा जीवशोधाचा प्रयोग नीट वाच. मंगळाची अर्धा घन सेंटिमीटर माती, तिच्यावर कार्बन-१४ची खूण लावलेल्या पोषक द्रावाचा थेंब, आणि वरच्या वायूतली किरणोत्सारिता मोजायची. वायू निघाला. दुसरा नमुना १६० अंश सेल्सिअसला ३ तास तापवून तेच केलं, तर जवळजवळ काहीच नाही. सजीवतेची आधी ठरवलेली कसोटी पार पडली होती! पण उष्णतेने जंतू मरतात तशी मातीतली नाजूक ऑक्सिडीकारकंही (पोषक द्राव जाळून वायू सोडणारी रसायनं) मोडतात. या दोघांत फरक करणं त्या नियंत्रण नमुन्याच्या (तुलनेसाठी तापवलेल्या मातीच्या) आवाक्यातच नव्हतं. शिवाय दुसरा थेंब टाकल्यावर नवा वायू उसळला नाही, उलट आधीचा काही मातीत परत मुरला. प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेविन तरीही ‘जीवच सापडला’ यावर अखेरपर्यंत ठाम राहिले, आणि ते अगदीच निराधार नव्हते: सुमारे ५० अंशांनाही, म्हणजे साध्या रसायनापेक्षा जंतूंना अधिक बाधेल अशा सौम्य उष्णतेतही, प्रतिसाद बराच घटला होता. व्हायकिंगवरच्याच दुसऱ्या यंत्राला मातीत सेंद्रिय द्रव्य सापडलं नव्हतं, पण ते यंत्र मातीच तापवत होतं. २००८ मध्ये मंगळावरच्या फीनिक्स यानाला पर्क्लोरेट हा क्षार सापडला, जो तापल्यावर सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतो. म्हणजे ‘सेंद्रिय काही नाही’ हा निकालही लंगडाच.

‘नॅनोबॅक्टेरिया’ आठव, रक्तात सापडलेले अतिसूक्ष्म जंतू मानले गेलेले कण. ताज्या माध्यमात थोडे टाकले की वाढायचे, म्हणून जिवंत. २००८ मध्ये कळलं की ते प्रथिनांचं आवरण असलेले कॅल्शियम कार्बोनेटचे कण होते. स्फटिकाचं बीजही ताज्या द्रावात वाढतंच ना! हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा होता.

याला लोक नकारघंटा म्हणतात. म्हणोत. हा संशय नव्हे, हिशेब आहे.

तुला भावलेला ‘असेंब्ली’ सिद्धांतही (रेणूच्या गुंतागुंतीवरून जीव ओळखण्याचा) याच चाळणीतून काढ. बंधांपासून रेणू जोडत जा, एकदा बनवलेला तुकडा फुकट पुन्हा वापर, आणि कमीत कमी किती जोडण्या लागतात ते मोज; तोच रेणूचा निर्देशांक. क्रोनिन आणि वॉकर यांच्या गटाने २०२१ मध्ये वस्तुमान वर्णपटमापनाने (रेणू फोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजण्याच्या पद्धतीने) तपासलं, तेव्हा १५च्या वर फक्त सजीवांशी निगडित नमुने गेले. मोजता येतं, हे मोठंच काम. पण २०२४ मध्ये हेझन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही खनिजांतल्या ऋणभारित आयनांचा निर्देशांकही त्यावर जाऊ शकतो. पाहिलंस? निर्जीवाला संधी मिळाली.

राहिला विषाणू. तंबाखूचा मोझेक विषाणू स्टॅन्लीने १९३५ मध्ये स्फटिकरूपात मिळवला. पानावर चोळला की रोग होतोच. बटाट्याच्या व्हायरॉइडमध्ये (रोग करणाऱ्या नुसत्या आरएनएच्या कड्यात) तर ३५९ न्यूक्लिओटाइड आणि एकही प्रथिन नाही. निर्जंतुकीकरण करणाऱ्याला संसर्गक्षमता किती पटींनी खाली आली ते हवं असतं, सजीवतेचा दाखला नको असतो.

पुढच्या पत्रात ‘सजीव’ हा शब्द न वापरता तुझा प्रयोग लिहून पाठव. सोबत तोच निकाल देऊ शकतील अशा तीन निर्जीव प्रक्रिया, आणि प्रत्येकीला वगळणारा वेगळा नियंत्रण नमुना. दोनच सुचल्या तर अजून एक दिवस थांब.