वाचक विचारतात: बाबांच्या कॅसेटमधून नुसतं नॉप नॉप येतंय!

प्रश्न: नमस्कार, सदाशिव पेठेतलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर बाबांच्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या (कॅसेटवर प्रोग्रॅम ठेवणारा जुना घरगुती कॉम्प्युटर) कॅसेट सापडल्या, मशीन (डेसिबेल्स कंपनीचं, भारतात लायसन्सवर बनायचं ते) कधीच भंगारात गेलं. टेप लॅपटॉपला लावून वेव्ह फाइल केली, ऑडिओटूटेप या प्रोग्रॅमने तिची टॅप फाइल (टेपवरचे बाइट जसेच्या तसे) केली, इथवर जमलं. त्यात बाबांनी स्वतःचं नाव घातलंय असं आई म्हणते, ते शोधायचंय. सगळ्यात मोठा तुकडा डिसअसेंबलरला (बाइटचे प्रोसेसरच्या सूचनांमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम) दिला तर पानंच्या पानं नॉप (‘काही करू नको’ ही सूचना), मधेच आरएसटी ३८ ही सूचना. हेडरमध्ये (तुकड्याआधीची माहितीची नोंद) लांबी ०० १बी, मेमरीतला पत्ता ०० ४० दिसतो. टेप खराब झाली का?

उत्तर: टेप ठणठणीत आहे हो! स्पेक्ट्रममध्ये दोन बाइटच्या आकड्यातला खालच्या स्थानाचा बाइट आधी लिहितात, म्हणजे तुमची लांबी हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) १बी००, साध्या आकड्यात ६९१२, आणि पत्ता १६३८४. हे दोन आकडे जुन्या स्पेक्ट्रमवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल की ही स्क्रीन आहे, ६१४४ बाइट ठिपक्यांचे नि ७६८ रंगांचे. तुम्ही लोडिंगचं चित्र डिसअसेंबल करत बसलात! शून्य बाइट झेड८० ला (स्पेक्ट्रमचा प्रोसेसर) नॉप वाटतो आणि एफएफ म्हणजे आरएसटी ३८, झालं.

म्हणून आधी टीझेडएक्सलिस्ट चालवा, ऑडिओटूटेपसोबतच येतं ते, कुठल्या तुकड्यात काय आहे ते ओळीने सांगतं. हेडरमध्ये प्रकार ० म्हणजे बेसिक भाषेतला प्रोग्रॅम, ३ म्हणजे कोड (थेट प्रोसेसरसाठीचे बाइट), आणि चित्रही कोडमध्येच धरतात, तिथेच सगळ्यांचा घोळ होतो (माझाही झालाय). खरा कोड मिळाला की डीडीने (फाइलचा तुकडा कापणारी कमांड) कापा, लांबीचे दोन आणि फ्लॅगचा (तुकडा हेडर की डेटा ते सांगणारा) एक बाइट पुढचे सोडून नि चेकसमचा (चूक तपासण्याचा) एक शेवटचा सोडून, आणि डिसअसेंबलरला हेडरमधला पत्ता द्यायला विसरू नका, नाहीतर जंप कुठून कुठे जातायत त्याचा काही मेळ लागत नाही.

बेसिक प्रोग्रॅमच्या ओळी वाचायला लिस्टबेसिक आहे. पण लिस्टिंगमधल्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास नको, स्पेक्ट्रम प्रत्येक आकडा दोनदा ठेवतो, एकदा दिसायला अक्षरांत आणि त्यामागे १४ नंबरचा बाइट टाकून पाच बाइटमध्ये, आणि चालवताना हे पाचच बघतो. त्यामुळे वर रँडमाइझ यूएसआर ० (दिलेल्या पत्त्यावरचा कोड चालवायची आज्ञा) दिसतंय आणि उडी भलतीकडेच, असले उद्योग लोक मुद्दाम करायचे. हेक्सडंपमध्ये ०ई ०० ०० ०० ८० ०० दिसलं तर खरा आकडा ३२७६८.

आता नाव. बेसिकमधल्या रेमच्या (शेरा लिहायच्या) ओळीत बघा, नसेल तर स्ट्रिंग्ज (फाइलमधली वाचता येणारी अक्षरं काढणारी कमांड) चालवा, शेवटचं अक्षर गायब दिसलं तर दचकू नका, शब्द संपल्याची खूण म्हणून काही जण त्या अक्षराचा वरचा बिट चढवायचे. आणि बाबांनी नाव चित्रातच काढलं असेल तर ते स्ट्रिंग्जला जन्मात सापडणार नाही, तेव्हा तो ६९१२ चा तुकडा एससीआर नावाने सेव्ह करून एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडा, मी तर तिथूनच सुरुवात केली असती.