एजंटचे जास्तीचे १४ टक्के द्यावेत का?

प्रश्न: आई-वडील (वय ६८ आणि ७१) आणि आम्ही दोघं, असे चौघं सात महिन्यांनी सोळा दिवसांसाठी तीन देशांत जाणार आहोत. स्वतः बुकिंग केल्यास येणाऱ्या खर्चापेक्षा एजंटचं कोटेशन १४ टक्क्यांनी जास्त आहे. एवढे पैसे वाचवावेत की एजंटला द्यावेत? रक्कम सध्या मुदत ठेवीत आहे.

उत्तर: आधी माझं मत सांगतो. विमानाची तिकिटं एजंटकडून घ्या. हॉटेलं आणि शहरांतलं फिरणं स्वतः बुक करा. पूर्ण पॅकेजची तुम्हाला गरज दिसत नाही.

तुमचा १४ हा आकडा अजून कच्चा आहे. तुमची बेरीज १०० धरली तर तिच्यात सीट निवडण्याचं शुल्क, चेक-इन सामान, व्हिसा फी, प्रवास विमा, विमानतळ ते हॉटेल गाडी आणि हॉटेलवर वेगळा घेतला जाणारा पर्यटन कर आहे का, ते पाहा. परकीय चलनात कार्ड वापरलं की बहुतेक बँका साधारण १ ते ३.५ टक्के जादा लावतात, तेही धरा. यातल्या बऱ्याच गोष्टी एजंटच्या ११४ मध्ये आधीच असतात. त्या धरून तुमचे १०० जर १०७ झाले, तर खरा फरक सातचाच उरतो. आता हीच तपासणी एजंटच्या कागदावरही करा. ‘ऐच्छिक’ स्थळदर्शन, टिप आणि दुपारचं जेवण त्यात नसेल तर ते मिळवा. हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असं लिहिलं असेल, तर शहराबाहेरचं हॉटेल मिळण्याची वाट मोकळी ठेवलेली असते. हॉटेलचं नाव आणि खोलीचा प्रकार लेखी मिळत नसेल तर त्या किमतीची तुलनाच करू नका.

विमानाच्या तिकिटांवर मी एवढा भर देतो, कारण तिथली एक चूक पुढचं सगळं कोलमडवते. स्वस्त पडतं म्हणून लोक दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं घेतात. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही हजरच झाला नाहीत. मग त्या तिकिटावरचा परतीचा टप्पाही बहुधा आपोआप रद्द होतो. शिवाय मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरावं लागतं आणि त्याचा व्हिसा लागू शकतो. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असले की पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. चौघांना ऐनवेळच्या भाड्याने नवी तिकिटं घ्यावी लागली, तर वाचवलेले १४ टक्के त्या एका दिवसात जातात. ७१ वर्षांच्या माणसाला रात्रभर विमानतळावर बसवण्याचा हिशेब यात धरलेलाच नाही.

मग हे स्वतः करता येत नाही का? येतं. विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ पर्यायात तुमचा पूर्ण मार्ग एका तिकिटावर मिळत असेल आणि भाडं एजंटइतकंच असेल, तर तिकीट तिथूनच घ्या. एजंटचा उपयोग होतो तो मार्ग एका कंपनीत बसत नसेल तेव्हा. ॲमेडियस, सेबर, ट्रॅव्हलपोर्ट अशा आरक्षण प्रणालींतून आपसांत करार असलेल्या कंपन्यांचे टप्पे तो एका तिकिटावर जोडू शकतो. आई-वडिलांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तिची नोंद प्रत्येक टप्प्यावर आहे ना, ते मात्र दोन्ही प्रकारांत तुम्हीच बघा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक कंपन्यांची भाडी दाखवणाऱ्या पोर्टलवरून तिकीट काढणं म्हणजे स्वतः बुकिंग करणं नव्हे. पोर्टल हाही एजंटच असतो, फक्त अडचणीत फोन उचलणारा ओळखीचा माणूस तिथे नसतो. विमान कंपनी ‘तुमच्या एजंटशी बोला’ म्हणते आणि पोर्टल विमान कंपनीकडे बोट दाखवतं. थोड्या सवलतीसाठी हा मधला मार्ग मला सगळ्यात महागाचा वाटतो.

एजंटकडून तिकीट घेतल्यावर पीएनआर मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. पीएनआर नुसत्या राखून ठेवलेल्या जागेचाही असतो. प्रत्येक प्रवाशाचा १३ अंकी ई-तिकीट क्रमांक मागा (पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात) आणि तो कंपनीच्या साइटवर तपासा. पासपोर्टवर आहे तसंच नाव तिकिटावर असायला हवं. पीएनआरमध्ये तुमचा मोबाइल आणि ई-मेल घालायला सांगा, नाहीतर वेळ बदलल्याचा निरोप एजंटच्या मेलबॉक्समध्येच पडून राहतो.

पैसे कसे द्यायचे, हेही महत्त्वाचं. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली तेव्हा तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारी यंत्रणेने त्यांना परत आणलं. पुढच्या सहलींसाठी ज्यांनी पॅकेजचे पैसे भरले होते, त्यांना तिथल्या ‘ॲटोल’ संरक्षण योजनेतून रक्कम परत मिळाली. ज्यांचं बुकिंग योजनेत बसत नव्हतं, त्यांना कार्ड कंपनीकडे किंवा विमा कंपनीकडे दाद मागावी लागली. म्हणून एजंटला थेट विचारा: तुम्ही बुडालात तर माझे पैसे कोणत्या कायद्याखाली किंवा हमीखाली सुरक्षित आहेत? समाधानकारक उत्तर नसेल तर क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे सेवा न मिळाल्यास चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. रद्द केल्यास विमान कंपनीची कपात किती, एजंटची स्वतःची किती आणि रिफंड किती दिवसांत, हे लेखी घ्या.

हॉटेलांबाबत माझं मत ठाम आहे: मोफत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. हिशेब सोपा आहे. रद्द न होणारी खोली १० टक्के स्वस्त असेल, तर बेत रद्द होण्याची शक्यता १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ती परवडते. सात महिने पुढची तारीख, न मिळालेला व्हिसा आणि आई-वडिलांचं वय पाहता तुमच्या बाबतीत ती शक्यता मी १० टक्क्यांच्या वरच धरीन. मोफत रद्द करण्याची शेवटची तारीख मात्र हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार असते.

क्रमही पाळा. आधी पासपोर्ट बघा. अनेक देशांना पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. मग बदलता येणारी तिकिटं आणि हॉटेलं, मग व्हिसा. रद्द न होणारा कोणताही खर्च व्हिसा हातात आल्यावरच करा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज तर प्रवासाच्या सहा महिने आधीच्या काळातच घेतला जातो, त्यामुळे तिकडे जात असाल तर आज घाई करून काहीही साधणार नाही.

विमा मात्र पहिली मोठी रक्कम भरताच घ्या, कारण सहल रद्द होण्याचं संरक्षण पॉलिसी घेतल्यापासूनच उपयोगी पडतं. एजंटच्या पॅकेजमधला विमा बऱ्याचदा फक्त वैद्यकीय खर्चाचा असतो. आई-वडिलांचे आधीपासूनचे आजार प्रामाणिकपणे नोंदवा आणि त्यांना संरक्षण आहे का, ते पॉलिसीत वाचा. आजार लपवला तर दावा नाकारला जाण्याचं ते सरळ कारण ठरतं. व्हिसा नाकारला गेल्याचं नुकसान अनेक पॉलिसींत धरलेलं नसतं.

ठेव एकदम मोडू नका. तिकिटांपुरती रक्कम आत्ता काढा, हॉटेलांची बहुतांश रक्कम तिथे पोचल्यावर द्यायची आहे. अडीअडचणीसाठी राखलेल्या पैशांना हात लावू नका. परदेशात कार्ड मशीनने ‘तुमच्या चलनात भरायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात भरा. त्या सोयीचा विनिमय दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

या आठवड्यात एजंटकडून फक्त तिकिटं आणि व्हिसाच्या मदतीचं वेगळं कोटेशन घ्या, त्यात सेवाशुल्क निराळं दाखवायला सांगा. ते शुल्क तुमच्या एकूण खर्चाच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर खुशाल द्या. असं सुटं कोटेशन द्यायला तो तयार नसेल, तर दुसरा एजंट शोधा.