आश्रयार्थी, निर्वासित आणि 'दर्जा मिळाला'

प्रश्न असा आहे: कॅनडाच्या एका बातमीत त्याच माणसाला आधी 'शरणार्थी' आणि पुढच्या परिच्छेदात 'निर्वासित' म्हटलंय. दोन्ही एकच का? आणि त्याला निर्वासिताचा 'दर्जा मिळाला' हे बरोबर का?

एरवीच्या बोलण्यात चालून जाईल, पण कायद्याच्या बातमीत हे शब्द वेगळे ठेवावेत. 'अर्थी' म्हणजे मागणारा. परीक्षार्थीचा निकाल लागायचा असतो, तसा शरणार्थीचाही. व्युत्पत्तीने हा शब्द आश्रयाचा दावा प्रलंबित असलेल्या माणसाला चपखल बसतो. पण हिंदीमुळे तो सरसकट झालाय. 1971 साली पत्रांवर लागणाऱ्या 5 पैशांच्या जादा तिकिटावरही 'शरणार्थी सहायता' असंच होतं. शिवाय मराठीत 'शरण येणं' म्हणजे हत्यार खाली ठेवणं. म्हणून मी 'आश्रयार्थी' लिहिते. 'निर्वासित' म्हटलं की आपल्याला फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, आजच्या उल्हासनगरात, आलेली सिंधी कुटुंबं आठवतात. त्यांना कुठल्या मंडळापुढे आपली भीती सिद्ध करावी लागली नव्हती. आजच्या आश्रयार्थीला ती करावी लागते.

कॅनडात आधी अधिकारी फक्त पात्रता बघतो: हा दावा पुढे पाठवता येतो का? ही छाननी. इथे अडलेला दावा 'अपात्र' ठरतो, 'फेटाळला' जात नाही, कारण त्याची हकिकत अजून कुणी तपासलेलीच नसते. पात्र दावा जातो इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाकडे, म्हणजे अशा दाव्यांवर निर्णय देणाऱ्या मंडळाकडे, आणि तिथे होते ती सुनावणी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी 'साधार भीती' आहे का, हे निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाहिलं जातं. समोरासमोर बोलायला मिळणं ही मेहेरबानी नव्हे. 4 एप्रिल 1985 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'सिंग' खटल्यात, मुख्यतः भारतातून आलेल्या शिखांच्या दाव्यांवर, सांगितलं की माणूस खरं बोलतोय का हाच मुद्दा असेल तर त्याला प्रत्यक्ष ऐकलंच पाहिजे.

दावा फेटाळला गेला तर बहुतेकांना बोर्डाच्याच अपील विभागाकडे जाता येतं. तिथे सहसा कागदपत्रांवरच निर्णय होतो, आणि नवा पुरावा चालतो तो मुख्यतः निकालानंतर हाती आलेला. हा विभाग निकाल कायम करतो, बदलतो किंवा फेरसुनावणीला पाठवतो. त्यानंतर फेडरल कोर्ट. आपल्या बातम्या यालाही 'अपील' म्हणतात, पण तो 'न्यायिक पुनर्विलोकना'चा अर्ज असतो. त्यासाठी आधी कोर्टाची परवानगी लागते, आणि कोर्ट त्या माणसाला निर्वासित ठरवत नाही. निर्णय कायद्याला धरून आणि तर्कसंगत होता का, एवढंच बघतं. 'कोर्टाने आश्रय दिला' हा मथळा म्हणूनच चुकीचा.

आता 'दर्जा मिळाला'. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की व्याख्येतल्या अटी पूर्ण होतात त्या क्षणी माणूस निर्वासित असतो. मान्यता त्याला निर्वासित बनवत नाही, तो तसा आहे हे जाहीर करते. 'दर्जा मिळाला' हे कागदोपत्री हक्कांपुरतं खरं, पण 'दर्जा बहाल केला' मात्र मला खटकतं. बहाल करतात ती पदवी किंवा जहागीर. बातमीत 'निर्वासित म्हणून मान्यता मिळाली' असं लिहावं, आणि तोवर 'आश्रयार्थी'.