एटीओच्या सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा

मित्रा, एटीओ म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत बाष्पीभवनाने उडालेलं पाणी पंपाने आपोआप भरणारी यंत्रणा, तिच्या सेन्सरवर किती विसंबायचं म्हणशील तर सेन्सर घे पण एकाच सेन्सरवर टाकी सोडू नकोस, एवढं पहिलं ऐक. फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा) स्वस्त आणि साधा, पण खाऱ्या पाण्यात त्याच्या दांडीवर मिठाचा पांढरा थर चढतो, नाहीतर एखादी गोगलगाय येऊन बसते आणि फ्लोट खालीच अडकतो, मग पंप चालूच राहतो. ऑप्टिकल म्हणजे प्रकाशाने पाणी ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये हलणारं काही नसतं म्हणून मला तोच आवडतो, पण त्याच्या टोकावर शेवाळ किंवा बुडबुडे चिकटले की तोही फसतो. म्हणून वर दुसरा, वेगळ्या प्रकारचा सेन्सर लाव आणि पंपाला टायमरची मर्यादा दे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंप जिच्यातून पाणी ओढतो ती गोड्या पाण्याची बादली छोटी ठेव. २०० लिटरच्या सिस्टीममध्ये १० लिटर आरओडीआय (गाळून शुद्ध केलेलं, मीठ नसलेलं पाणी) सगळं ओतलं गेलं तरी खारटपणा ३५ वरून साधारण ३३ पीपीटीवर (हजार भागांत मिठाचे भाग) येईल, कोरल सहन करतील, पण तिथेच ५० लिटरचा ड्रम असेल तर २८ वर जाईल, विचार कर.

सेन्सर संपच्या (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी मुख्य टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यातच लाव, बाष्पीभवनाने लेव्हल तिथेच उतरते. नळीचं टोक संपच्या आणि बादलीच्याही पाण्याच्या पातळीच्या वर ठेव, खाली राहिलं तर पंप बंद होऊनही सायफनने पाणी वाहत राहतं आणि सेन्सर काहीच करू शकत नाही. महिन्यातून एकदा सेन्सर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजव, धू, आणि परत लावल्यावर हाताने फ्लोट वर उचलून पंप खरंच थांबतो का ते बघच.