संबंध ठेवायचे की नाही? ओपीडीत न विचारलेले प्रश्न

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत. दिवस गेल्यावर नवरा-बायकोने जवळ यावं का, आणि आलं तर बाळाला काही होतं का. ओपीडीत हे मला फार कमी जणी विचारतात आणि का विचारत नाहीत तेही समोर दिसतंच, शेजारच्या खुर्चीत सासूबाई नाहीतर आई बसलेली असते, नवरा बाहेर गाडी लावायला गेलेला असतो आणि बीपी, वजन, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफीची तारीख यातच वेळ संपतो. म्हणून इथे स्पष्ट लिहितेय. पत्रातली नावं-गावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझं वय २६. मागच्या वर्षी आठव्या आठवड्यात आपोआप गर्भपात झाला, त्याच्या दोनच दिवस आधी आमचे संबंध आले होते. आता परत दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे, सोनोग्राफीत ठोके चांगले आहेत. पण या वेळी पहिल्या दिवसापासून सासूबाई माझ्याजवळ झोपतात आणि मिस्टर हॉलमध्ये. मिस्टर काही बोलत नाहीत पण मला कळतं, त्यांनाही वाटतं की आमच्यामुळेच झालं. खरंच आमच्यामुळे झालं होतं का?

नाही. तुमच्यामुळे झालं नव्हतं, आणि हे उत्तर मिस्टरांनाही वाचायला द्या.

पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. तो दोष गर्भ राहतानाच पडलेला असतो, त्यानंतर तुम्ही काय खाल्लं, कुठे प्रवास केला, कुणाजवळ झोपलात याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ज्यांना दिवस गेल्याचं कळलंय अशा १०० बायकांपैकी १० ते २० जणींचा गर्भ टिकत नाही, म्हणजे तुमच्या ओळखीतही अशा बऱ्याच जणी असणार, फक्त कुणी बोलत नाही. आणि अजून एक गोष्ट जी पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. रक्त जायला लागतं त्याच्या कितीतरी दिवस आधी, कधी कधी दोन-तीन आठवडे आधी, गर्भाची वाढ थांबलेली असते. तुम्ही दोन दिवस आधीचं धरून बसलाय, पण बहुतेक वेळा तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता या वेळचं. ठोके आहेत, रक्त नाही, पोटात कळा नाहीत, डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलेलं नाही, तर संबंधांवर बंदी घालायचं कारण मला दिसत नाही. गर्भपिशवीची भिंत जाड स्नायूची असते, आत पाणी, पिशवीचं तोंड बंद आणि त्यावर घट्ट चिकट स्रावाचं बूच. तिथपर्यंत काही पोचत नाही.

मात्र तुमचं पत्र वाचून सगळ्याच जणींनी हेच उत्तर स्वतःला लावून घेऊ नका. ज्यांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलाय, कळा फारशा न येताच पिशवीचं तोंड उघडलंय किंवा आता तोंडाला टाका घातलाय, त्यांचं प्रकरण वेगळं. ज्यांना सध्या अंगावरून रक्त जातंय त्यांचंही वेगळं, ते थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत लांबच राहायचं.

सासूबाईंवर रागावू नका. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही गर्भिणीने टाळायच्या गोष्टींमध्ये संभोग आहे. वार (प्लेसेंटा) कुठे आहे, पिशवीच्या तोंडाची लांबी किती आहे हे बघायची सोयच नव्हती तेव्हा सरसकट सगळ्यांना नको म्हणणं हाच शहाणपणा होता. आता आपल्याला बघता येतं, त्यामुळे ज्या थोड्या जणींना धोका आहे त्यांनाच थांबवता येतं. पुढच्या तपासणीला सासूबाईंऐवजी मिस्टरांना आत घेऊन जा आणि डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर हे वदवून घ्या.

प्रश्न : विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत प्लेसेंटा लो लाइंग आलाय. डॉक्टर म्हणाले वजन उचलू नका, लांब राहा. तेव्हापासून मिस्टर हातसुद्धा लावत नाहीत, कूस बदलून झोपतात. मला रात्री खूप एकटं वाटतं. लांब म्हणजे किती लांब आणि डिलिव्हरीपर्यंत का? आधीची डिलिव्हरी नॉर्मल आहे.

तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं, फक्त अर्धवट सांगितलं. उरलेलं मी सांगते.

वार पिशवीच्या तोंडावर आली असेल किंवा तिची कड तोंडापासून २ सेंमीच्या आत असेल तर योनीमार्गातून संबंध ठेवायचे नाहीत. तिथे दाब आला तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि वारेचा रक्तस्राव दुखत नाही, अचानक होतो आणि भरपूर होऊ शकतो. म्हणून ही बंदी पाळाच. रिपोर्ट काढून बघा, त्यात कड तोंडापासून किती अंतरावर आहे ते लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं तर विचारा.

पण विसाव्या आठवड्याला खाली दिसलेली वार दहापैकी नऊ जणींमध्ये पुढे वर सरकते. खरं तर ती स्वतः हलत नाही, पिशवी वाढताना खालचा भाग ताणला जातो आणि वारेची कड तोंडापासून लांब जाते. म्हणून ३२ व्या आठवड्याला परत सोनोग्राफी करायची. तेव्हा वर गेलेली असेल, रक्त गेलेलं नसेल, तर बंदी उठते. तेव्हा सोनोग्राफीवाले डॉक्टर आतून तपासू म्हणाले तर घाबरू नका, ती तपासणी सुरक्षित आहे आणि अंतर त्यातच नीट मोजता येतं. जिचं आधीचं सिझेरियन आहे आणि वार नेमकी त्याच जागी पुढच्या बाजूला खाली आहे तिने मात्र जास्त सावध राहायचं आणि मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं, तुमची आधीची नॉर्मल आहे म्हणून तुम्हाला ती धास्ती नाही.

आणि हातसुद्धा लावायचा नाही असं कुणीच सांगितलेलं नाहीये! मिठी, कुशीत झोपणं, पाठ चोळून देणं, पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल बघणं, याने वारेला काहीही होत नाही. परमोच्च सुखाच्या वेळी पिशवी थोडा वेळ आवळते, म्हणून इतर मार्गाने तिथपर्यंत जायचं का हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा, काही जणींना तेही नको सांगतात. मला वाटतं मिस्टर घाबरलेत, तुम्हाला टाळत नाहीयेत. घाबरलेला माणूस कूस बदलून झोपतो आणि बायकोला वाटतं मी नकोशी झाले, हे मी बऱ्याच जोडप्यांत बघते आणि मला फार वाईट वाटतं, कारण दोन मिनिटं नीट समजावून सांगितलं असतं तर ते टळलं असतं.

या काळात रक्त गेलं तर, थेंबभर असलं तरी, त्याच दिवशी डॉक्टर. जास्त असेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही लगेच सांगा, ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं.

प्रश्न : (नवऱ्याचं पत्र) सहावा महिना. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. परवा संबंधांनंतर बायकोचं पोट दगडासारखं कडक झालं आणि बाळ जोरात हललं. त्याला लागलं असेल का? ते आपल्याला बघतंय असं वाटून मला कसंतरीच होतं.

लागलं नाही आणि बघतही नाही. पोट कडक होणं म्हणजे पिशवी आवळली, ती बऱ्याचदा आवळते आणि थोड्या वेळात आपोआप सैल पडते. आईच्या हृदयाचे ठोके वाढले, हालचाल झाली की बाळही हलतं. तासभर झाला तरी कळा ठरावीक वेळाने येत राहिल्या, पाणी किंवा रक्त गेलं, तर मात्र हॉस्पिटल गाठायचं.

पाचव्या महिन्यानंतर बायकोला बराच वेळ उताणं झोपवू नका, पिशवीचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडून तिला गरगरतं. दोघं कुशीवर, तुम्ही तिच्या पाठीमागे, किंवा ती वर, म्हणजे पोटावर भार येत नाही आणि किती आत, किती जोरात हे तिच्या हातात राहतं. मुखमैथुन करत असाल तर योनीत हवा फुंकायची नाही, हे कधीही नाही, रक्तात हवा शिरून जिवावर बेतू शकतं. आणि तुम्हाला लघवीला जळजळ, जखम, पू असं काही असेल किंवा बाहेर संबंध आले असतील तर लाज बाजूला ठेवून आधी स्वतःची तपासणी करा. गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट बायकोची होते, नवऱ्याची बहुतेक वेळा राहून जाते. रिपोर्ट येईपर्यंत कंडोम.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. नवऱ्याला ताप आणि अंगावर पुरळ होतं, तपासणीत झिका निघाला. आता ते ठणठणीत आहेत. मला पाचवा महिना. डास चावला नाही म्हणजे मला धोका नाही ना?

आहे. झिका डासातून पसरतो तसा संबंधातूनही पसरतो, हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. ताप गेल्यावरही विषाणू वीर्यात बरेच दिवस राहू शकतो. म्हणून बाळंतपण होईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम, नाहीतर संबंध नकोतच, ही गोष्ट घासाघीस करायची नाही. आपल्या राज्यातला पहिला पेशंट २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात जे पेशंट निघाले त्यात गरोदर बायका बऱ्याच होत्या, त्यामुळे महापालिकेच्या आरोग्य खात्याला हे प्रकरण नवीन नाही. तुमच्या रक्त-लघवीच्या तपासणीसाठी त्यांच्याकडे नाव नोंदवा आणि तुमच्या डॉक्टरांना नवऱ्याचा रिपोर्ट दाखवा. झिकाने बाळाच्या डोक्याची आणि मेंदूची वाढ खुंटू शकते, म्हणून डोक्याचा घेर बघायला पुढे ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी करतात. आईला लागण झाली म्हणजे बाळात दोष असणारच असं मात्र नाही, तेव्हा आधीच हाय खाऊ नका. झिकाचा डास दिवसा चावतो, कूलर, कुंड्यांच्या ताटल्या आणि पिंप आठवड्यातून एकदा कोरडं करा.

प्रश्न : मला तिसरा महिना, दिवसभर उलट्या, रात्री अंगात त्राण नसतं. नवरा म्हणतो डॉक्टरने बंदी थोडीच घातलीय. नाही म्हटलं की चिडतो, कधी कधी जबरदस्ती करतो. मी काय करू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. संबंध सुरक्षित आहेत असं आम्ही डॉक्टर म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ दोघांची इच्छा असेल तर, एवढाच. नवऱ्याला हक्क मिळाला असा त्याचा अर्थ कधीच होत नाही. तुमचं नाही हे पुरेसं कारण आहे, त्याला माझ्या सहीची गरज नाही.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, स्तन दुखणं, थकवा यामुळे इच्छा जाणं अगदी नेहमीचं आहे. चौथ्या महिन्यानंतर बऱ्याच जणींची परत येते, काहींची आधीपेक्षा वाढते, काहींची बाळंतपणापर्यंत येत नाही, यात आजार कुठलाच नाही. नवरा नुसता चिडत असेल आणि समजावण्यासारखा असेल तर त्याला तपासणीला आणा, डॉक्टरांना आधी एकटं गाठून कानावर घाला, आम्ही बोलतो.

पण तुम्ही जबरदस्ती लिहिलंय आणि ती मी चिडण्यात मोजणार नाही. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा लग्नातल्या लैंगिक छळालाही लागू आहे. १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, फोन केला म्हणजे लगेच पोलीस केस होते असं नाही, आधी सल्ला घेता येतो. फोन करणं जमत नसेल तर आशाताईला सांगा, तपासणीच्या वेळी नर्सला सांगा. माहेरी जायची सोय असेल तर जायला सातवा महिना आणि डोहाळजेवण व्हायची वाट बघायची गरज नाही. पोटावर मार किंवा दाब बसला असेल, रक्त जात असेल तर आजच दाखवा.

प्रश्न : तारीख उलटून तीन दिवस झाले. जाऊबाई म्हणतात संबंध ठेवले की कळा येतात. खरं का?

वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतं आणि कळा आणायच्या काही औषधांतही तेच असतं, त्यावरून हा समज पसरलाय. पण संबंधांमुळे डिलिव्हरी लवकर होते असं अभ्यासांत काही ठाम दिसलेलं नाही. दोघांना हवंसं वाटत असेल, वार वर आहे, पाणमोट फुटलेली नाही, तर ठेवा, नुकसान नाही. कळा आणायचा उपाय म्हणून अवघडलेल्या अंगाने स्वतःला भाग पाडू नका, त्यासाठी हॉस्पिटलात औषधं आहेत. पाणी गेलं असेल, थोडं थोडं झिरपत असलं तरी, मग संबंध अजिबात नाहीत, आतून जंतुसंसर्ग होतो. स्वच्छ पॅड लावा, पाण्याचा रंग बघून ठेवा, हिरवट असेल तर पोचल्या पोचल्या तसं सांगा, आणि कळांची वाट न बघता निघा. तारीख उलटल्यावर बाळाची हालचाल कमी वाटली तरीही थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.