पश्चिमेला खिडकी असलेल्या १० बाय १२ च्या बेडरूमला गडद निळा द्यावा की फिकट पिवळा? (नाशिक, इंदिरानगर)

तीन भिंतींना फिकट पिवळा द्या आणि निळा फक्त पलंगामागच्या भिंतीला. चारही भिंती निळ्या अजिबात करू नका. रंगकामाची कामं घेतो, त्यात हेच पाहत आलोय: फिकट रंग अंगावर पडलेला बराचसा उजेड परत खोलीत टाकतो, गडद निळा तो जवळजवळ सगळा पिऊन टाकतो. मग भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. खिडकीसमोरची भिंत तर फिकटच हवी, कारण खोलीभर उजेड तीच पसरवते.

पिवळ्याचीही एक खोड आहे. पश्चिमेचं ऊन संध्याकाळी तांबूस होतं आणि भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे शेड कार्डावर लोण्यासारखा दिसलेला पिवळा भिंतीवर हळदीसारखा दिसू लागतो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा कार्डावरचं एक घर फिकट घ्या. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून प्राइमरवर (रंगाआधी मारायच्या अस्तरावर) दोन बाय दोन फुटांचे चौकोन मारा, दोन हात द्या, आणि पूर्ण वाळल्यावर सकाळी, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री दिव्यात बघा. ओला रंग बघून ठरवू नका.

मात्र पलंगामागची भिंत बाहेरची किंवा बाथरूमला लागून असेल, तर आधी ओल बंद करा. गडद निळ्यावर ओलीमुळे भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांचे पांढरे डाग लांबूनही दिसतात, फिकट रंगावर ते बरेचसे झाकले जातात.