क्रॉस स्टिच पूर्ण झाल्यावर धुवायचं कसं? लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्यावर उतरेल का?

म्हणजे पांढऱ्या मॅटीवर लाल गुलाब भरून झालेत, फ्रेमला द्यायच्या आधी धुवायचंय पण रंग उतरायची धास्ती आहे आणि कोणीतरी सांगितलंय की मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवा. ते मीठ-व्हिनेगर आधी बाजूला ठेवा. व्हिनेगरचा उपयोग होतो तो लोकर किंवा रेशमाच्या ॲसिड रंगांना, आपला सहा पदरी दोरा सुती असतो, त्याला काही फरक पडत नाही. मीठ दोरा रंगवताना वापरतात, पाण्यातला रंग धाग्याकडे जावा म्हणून, पण तयार दोरा मिठाच्या पाण्यात कितीही बुडवला तरी कच्चा रंग पक्का होत नाही. सगळीकडे हेच सांगतात म्हणून जरा लांबण लावली.

धुवायचं मात्र नक्की. कितीही स्वच्छ हाताने भरलं तरी हाताचं तेल कापडात जातंच, आज दिसत नाही पण काचेमागे काही वर्षांनी पिवळट डाग पडतात, रिंगची गोल रेघ असते ना तिथे तर हमखास.

आता रंगाचं. रंगवताना जास्तीचा जो रंग धाग्याला घट्ट न बसता नुसता वर राहतो तोच पाण्यात सुटतो, म्हणून गडद लाल, मरून, नेव्ही ब्ल्यू, जांभळा, काळा हे त्रास देणारे आणि फिकट रंग गरीब बिचारे. डीएमसी किंवा अँकरचे दोरे साधारण पक्के असतात, तरी लाल म्हटलं की मी कोणत्याच कंपनीवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. आधी तपासून बघा. कापूसबड पाण्यात भिजवायचा, कामाच्या उलट बाजूला लाल दोऱ्याचं टोक असेल तिथे अर्धा-एक मिनिट दाबून धरायचा. कापूस पांढराच राहिला तर बिनधास्त धुवा, गुलाबी झाला तरी धुता येतं, फक्त पाणी भरपूर आणि लक्ष तिथेच हवं.

आणि मुख्य गोष्ट हीच आहे की रंग पाण्यात जाण्याने नुकसान होत नाही, तो पाण्यातून परत पांढऱ्या कापडावर बसला आणि तिथेच वाळला की नुकसान होतं. त्यामुळे वाटीभर पाण्यात कधी धुवू नका, मोठा टब घ्या, पाणी गारच, काम पूर्ण पसरून बुडालं पाहिजे. त्यात माइल्ड लिक्विड अगदी थोडं, ब्लीच नसलेलं आणि पांढरेपणा वाढवणारं काही नसलेलं (क्रीम रंगाच्या कापडावर त्याने पांढरट धब्बे येतात). हाताने हळूहळू वरखाली करायचं, चोळायचं नाही, ब्रश तर अजिबात नाही. मग साबण जाईपर्यंत गार पाण्यात विसळत राहायचं. पाण्याखाली असेपर्यंत ठीक आहे, पण ओलं काम घडी करून बेसिनच्या कडेला ठेवून फोन घ्यायला गेलात की संपलं, लाल टाके पांढऱ्यावर टेकतात आणि तिथेच छापा उठतो.

समजा तरी रंग पसरलाच, म्हणजे गुलाबाभोवती गुलाबी ढग दिसायला लागला, तर घाबरून वाळत घालू नका आणि इस्त्री तर मुळीच नाही, उष्णतेने तो डाग पक्का होतो. ओलं असतानाच परत गार पाण्यात टाका, पाणी रंगीत झालं की ओता, नवीन घ्या, परत तेच. कंटाळा येईल इतक्या वेळा पाणी बदलावं लागतं पण बहुतेक वेळा डाग फिका होत होत जातो. कपड्यांच्या मशीनमध्ये टाकायची रंग शोषणारी शीट मिळते, ती पाण्यात शेजारी टाकली तर सुटलेला रंग तिच्यावर बसतो, चांगली गोष्ट आहे.

खुणा करायला पाण्याने जाणारं निळं पेन वापरलं असेल तर लिक्विड घालायच्या आधी नुसत्या गार पाण्यात ती शाई पूर्ण घालवा, तिच्यावर इस्त्री फिरली तर कायमची राहू शकते. उष्णतेने गायब होणाऱ्या पेनचं उलटं आहे, गेली म्हणून खूश व्हायचं आणि कडक थंडीत रेघा परत हजर! कापडावर फुल्या छापलेलं किट असेल तर त्या जायला बऱ्याचदा कोमट पाणी लागतं, तिथे किटवरच्या सूचना वाचा आणि लाल दोरा आधी तपासल्याशिवाय कोमटच्या वाटेला जाऊ नका. हाताने रंगवलेला किंवा रेशमी दोरा असेल तर मी धुतच नाही.

धुऊन झालं की पिळायचं नाही. जुन्या पांढऱ्या टॉवेलवर पसरायचं, टॉवेलसकट गुंडाळी करून दाबायचं म्हणजे पाणी टॉवेलमध्ये जातं, आणि लगेच उघडायचं, गुंडाळीतच ठेवून विसरायचं नाही. थोडं दमट असतानाच, पांढरं पूर्ण स्वच्छ आहे ना हे उजेडात बघून मग इस्त्री. जाड टॉवेल खाली, सुलटी बाजू टॉवेलकडे, उलट बाजूने इस्त्री दाबत जायचं, म्हणजे टाके चपटे न होता फुगलेले राहतात. जरीसारखा चमकीचा दोरा किंवा मणी असतील तर तिथे इस्त्री टेकवू नका. मग सपाट ठेवून सावलीत पूर्ण वाळू द्या, आत दमटपणा असताना काचेत बंद केलं तर बुरशी येते.

पुढच्या वेळी परत लालच भरणार असाल तर कापडाला टाका घालायच्या आधीच ती लड गार पाण्यात बुडवून बघा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत विसळा आणि वाळवून मग वापरा. दहा मिनिटांचं काम आहे.